रात्री पावणेतीनला विचारलेला प्रश्न

गेल्या श्रावणात एका दुपारी मी माझ्याच सर्चची जुनी यादी उघडून वाचायला बसले. ज्या खात्यावरून मी इतकी वर्षं इंटरनेटवर शोधत आले, त्या खात्यात ती तारीख-वेळेसकट साठत असते आणि खातेदाराला पाहता येते, हे ऐकून माहीत होतं. उघडून पाहिली नव्हती.

यादी उलटी असते, नवं वर आणि जुनं खाली. म्हणून बाबांच्या आजारपणाच्या वर्षापर्यंत खाली गेले आणि तिथून वर वाचत आले. 'जेवताना उजवा हात थरथरणे.' चार दिवसांनी 'पार्किन्सन सुरुवातीची लक्षणं'. मग 'न्यूरॉलॉजिस्ट सांगली'. मग बरेच महिने औषधांची नावं. एका रात्री २ वाजून ४३ मिनिटांनी 'पार्किन्सनच्या गोळ्यांनी भास होतात का'. पुढे 'हॉस्पिटल बेड भाड्याने'. 'घास गिळता येत नसेल तर काय द्यावं'. त्यानंतर नऊ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी 'सातबाऱ्यावर वारस नोंद कागदपत्रं', आणि त्याच्या वर 'फॅमिली पेन्शन फॉर्म', आणि त्याच्याही वर, पहाटेची वेळ असलेला, 'आईला रात्रभर झोप लागत नाही'.

मी रोजनिशी लिहीत नाही. कधी लिहिली असती, तरी त्या दोन वर्षांतली मी इतकी उघडी तिच्यात सापडले नसते. यातला एकही प्रश्न मी त्या काळात भावाला विचारला नव्हता. तोही तिकडे पुण्यात रात्री जागून हेच प्रश्न त्याच्या फोनला विचारत असणार, हे आता लक्षात येतं. ते नऊ रिकामे दिवससुद्धा बोलत होते. घरात माणूस गेलं की सुतकात कुणी काही शोधत नाही, हे समजायला मराठी यावं लागत नाही, तारखा पुरतात.

त्या दुपारनंतर मी खासगीपणा जपणाऱ्या सर्च इंजिनांबद्दल मिळेल ते वाचायला लागले, वापरून पाहायला लागले, लोकांशी बोलायला लागले. हा लेख त्यातून आला आहे. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे' हे वाक्य मला या काळात निदान पंचवीस जणांनी ऐकवलं. खरं आहे, एकेका प्रश्नात लपवण्यासारखं काहीच नसतं. हात कुणाचाही थरथरतो. पण प्रश्न एका दोऱ्यात ओवले गेले की त्यांची माळ होते, आणि ती माळ एका घराची गोष्ट सांगते. जपायचं आहे ते या दोऱ्यापासून.

ही माळ काय करू शकते, ते जगाला पहिल्यांदा धडधडीतपणे दिसलं ऑगस्ट २००६ मध्ये. अमेरिकेतल्या एओएल या कंपनीनं संशोधकांच्या उपयोगासाठी म्हणून एक फाइल इंटरनेटवर खुली ठेवली. साडेसहा लाखांहून जास्त ग्राहकांनी तीन महिन्यांत केलेले सुमारे दोन कोटी शोध त्या फाइलमध्ये होते. नावं काढून प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला होता. कंपनीची समजूत अशी, की नाव काढलं म्हणजे माणूस निघून गेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या दोन बातमीदारांनी एका क्रमांकाखालचे शोध वाचले. बोटं बधिर होणं, साठीतले एकटे पुरुष, कुत्र्याच्या खोडी, एका छोट्या गावातले बागकाम करणारे, एकाच आडनावाची काही माणसं. फाइल बाहेर आल्यापासून आठवड्याच्या आत ते एका बाईंच्या दारात उभे होते. तुमचेच शोध का हे, असं विचारल्यावर त्यांनी हो म्हटलं.

या प्रकरणातला एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सांगताना बहुतेक वेळा गाळला जातो. त्या बाईंनी शोधलेले बरेचसे आजार त्यांचे नव्हतेच. मैत्रिणींना काही झालं की त्यांच्यासाठी माहिती काढून देण्याची त्यांना सवय होती. म्हणजे माळ वाचून माणूस सापडला, पण त्याच माळेवरून त्या माणसाच्या तब्येतीबद्दल कुणी अंदाज बांधला असता तर तो साफ चुकला असता. आपल्याकडे घरात एकच जण 'जरा बघून सांग' म्हणून अख्ख्या गोतावळ्याचे प्रश्न फोनला विचारत असतो. वहिनीचा थायरॉइड, मामांची कर्जाची थकबाकी, शेजारच्या मुलीचं लांबलेलं लग्न, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर चढत जातं.

एओएलनं माफी मागितली, फाइल काढून घेतली, कंपनीच्या तंत्रविभागाच्या प्रमुख बाईंनी पद सोडलं. पण तोपर्यंत फाइलच्या प्रती निघाल्या होत्या. दोऱ्यात ओवलेली गोष्ट एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही.

आता प्रश्न असा, की सर्च कंपनीला ही माळ लागतेच कशाला? साधं उत्तर आहे, जाहिरातीला. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खासगी सर्च इंजिनांचा सगळा धंदा उभा आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

गूगलनं २००० साली शोधाच्या पानावर जाहिराती विकायला सुरुवात केली, तेव्हा विक्री शब्दाची होती. कुणी 'शिलाई मशीन' लिहिलं, की त्या शब्दासाठी पैसे भरलेल्या दुकानदारांच्या जाहिराती बाजूला यायच्या. यात लिहिणारी बाई कोण, तिनं गेल्या महिन्यात काय शोधलं होतं, याची गरजच नव्हती. तिला शिलाई मशीन हवं आहे, हे तिनं स्वतःच सांगितलेलं आहे! गिऱ्हाईक दारात उभं राहून वस्तूचं नाव घेतंय, यापरती चांगली जाहिरातीची जागा जगात कुठे मिळणार? माळ लागते ती पुढच्या पायरीवर. तीच बाई संध्याकाळी पाककृतीच्या साइटवर गेली, रात्री बातम्या वाचायला बसली, तिथेही तिला शिलाई मशीन दाखवायचं असेल, तर मात्र ती कोण हे ओळखावं लागतं, तिच्या मागोमाग जावं लागतं. इतर साइटवर जाहिराती पोचवणारी डबलक्लिक ही कंपनी गूगलनं ३१० कोटी डॉलरला घेण्याचं २००७ मध्ये जाहीर केलं. मार्च २०१२ पासून आपल्या वेगवेगळ्या सेवांमधली ग्राहकाची माहिती एकत्र जोडण्याचं एकच धोरण लागू केलं. २०२३ साली गूगलची मालक कंपनी अल्फाबेटची एकूण मिळकत ३०,७३९ कोटी डॉलर होती आणि त्यातले २३,७८६ कोटी जाहिरातींचे होते. त्या जाहिरातींतही सगळ्यांत मोठा वाटा अजून सर्चचाच आहे.

गेब्रिएल वाइनबर्ग या तरुणानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २००८ मध्ये डकडकगो सुरू केलं. नाव लहान मुलांच्या एका गोल बसून खेळायच्या खेळावरून घेतलेलं. आपल्या 'मामाचं पत्र हरवलं'सारखाच तो खेळ असतो. लोकांचे शोध साठवायचे नाहीत, हे त्याच्या इंजिनाचं मुख्य वैशिष्ट्य काही वर्षांतच झालं. २०११ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे गूगलच्या जवळजवळ अंगणात, मोठा फलक लावला: गूगल तुमचा माग काढतं, आम्ही काढत नाही. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकी सरकारची टेहळणी उघड केली आणि लोक या छोट्या इंजिनाकडे वळायला लागले. ११ जानेवारी २०२१ या एका दिवसात त्यावर दहा कोटींहून जास्त शोध झाले. आणि कंपनी चालते कशावर? मुख्यतः जाहिरातींवरच. फक्त शब्दाच्या जाहिराती, २००० सालच्या पद्धतीच्या. शिलाई मशीन शोधलंत, शिलाई मशीन दिसलं, गोष्ट संपली.

पाळतीशिवाय इंटरनेट फुकट चालणारच नाही, असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. एक कंपनी पाळतीशिवाय चालून दाखवते, तेव्हा ते सांगणं खोटं पडतं. माझ्या मते डकडकगोचं सगळ्यांत मोठं काम हे आहे.

पण हे इंजिन आतून कसं चालतं हे समजून न घेता त्यावर भाबडा विश्वास टाकू नये. सबंध इंटरनेटची पानं वाचून त्यांची सूची बनवणं हे अफाट खर्चाचं काम आहे. डकडकगोचे बहुतेक सर्वसाधारण निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. नेदरलँड्समधलं स्टार्टपेज मुख्यतः गूगलचे निकाल विकत घेऊन दाखवतं. ही इंजिनं मध्यस्थ आहेत. आळीतल्या दोनशे घरांचं वाणसामान एकाच पोरानं आणलं, तर वाण्याला एवढंच कळतं की कुणाला तरी मेथीदाणे हवे आहेत, कुणाला तरी जुलाबाचं औषध. कोणतं घर, ते त्याला कळत नाही. मध्यस्थ इंजिन तेच करतं. तुमचा प्रश्न स्वतःच्या नावानं पुढे विचारतं, उत्तर तुम्हाला आणून देतं, आणि तुमचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, प्रश्नाला चिकटवून ठेवत नाही. उद्या तुम्ही परत आलात तर काल आलेली बाई हीच, हे त्याला ओळखता येऊ नये अशी त्याची रचना असते.

मग सगळा विश्वास त्या पोरावर येतो. मे २०२२ मध्ये झॅक एडवर्ड्स या संशोधकानं दाखवून दिलं, की डकडकगोचा मोबाइलवरचा ब्राउझर इतर कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे छुपे कोड, अडवत असला, तरी काही साइटवर मायक्रोसॉफ्टचे ट्रॅकर सोडून देत होता. कारण? बिंगचे निकाल ज्या कराराखाली मिळत होते त्यातली अट. वाइनबर्गला हे जाहीरपणे मान्य करावं लागलं. ही गोष्ट ब्राउझरबद्दल होती, सर्चबद्दल नव्हती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीनं मायक्रोसॉफ्टचे ट्रॅकर अडवण्याची मर्यादा वाढवली. पण लोकांचा विश्वास दुखावला तो दुखावलाच. आजही डकडकगोवरच्या जाहिरातीवर क्लिक केलं, तर त्या क्लिकपुरता तुमचा आयपी ॲड्रेस मायक्रोसॉफ्टकडे जातो. दुकानदाराच्या बिलासाठी तो लागतो आणि माणसाच्या नोंदीशी जोडला जात नाही, असं कंपनीच्या धोरणात लिहिलेलं आहे. मी तिथल्या जाहिरातीवर क्लिक करत नाही. दुकानाचं नाव वाचते आणि पत्ता वेगळा टाइप करते.

मध्यस्थाचा दुसरा कच्चा दुवा २३ मे २०२४ ला सगळ्यांना दिसला. त्या दिवशी बिंग बिघडलं आणि त्याच्यासोबत डकडकगो आणि त्याच्यासारखंच बिंगवर चालणारं इकोशिया दोन्ही आडवी झाली. दुकान बंद, मग पोरगं तरी काय आणणार?

म्हणून स्वतःची सूची स्वतः बनवणाऱ्या इंजिनांकडे मी जास्त आशेनं पाहते. इंग्लंडमधलं मोजीक २००४ पासून हे काम चिकाटीनं करत आलं आहे. मार्क स्मिथ या माणसानं ते एकट्यानं सुरू केलं. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं आणि २०२३ पासून बिंगच्या मदतीशिवाय चालतं. युरोपात फ्रान्सचं क्वांट आणि जर्मनीचं इकोशिया यांनी मिळून युरोपची स्वतःची सूची उभारण्याचं काम नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. कागी नावाचं एक इंजिन तर जाहिरातच घेत नाही, सरळ महिन्याची वर्गणी घेतं. पैसे देऊन सर्च वापरायचं ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटते. पण वर्तमानपत्राचे, केबलचे, दिवाळी अंकाचे पैसे आपण देतोच.

मराठीत शोधणाऱ्याला या सगळ्यात एक किंमत मोजावी लागते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. गेले काही महिने मी रोजचे शोध दोन-दोन इंजिनांवर करून पाहिले. इंग्रजीतल्या आजारांच्या, कायद्याच्या, औषधांच्या प्रश्नांना खासगी इंजिनांवर मला काही कमी पडलं नाही. देवनागरीत लिहिलं, की फरक जाणवायला लागला. 'हरभऱ्यावरील घाटेअळी' लिहिलं तर कामाचं सापडलं, पण खाली खाली जाऊन. शुद्धलेखन जरा इकडेतिकडे झालं, किंवा आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, की निकाल भरकटायचे. गावातला दवाखाना, एसटीच्या वेळा, 'आज कोणतं मेडिकल उघडं आहे' हे तर स्थानिक माहितीचं काम. त्यात मोठ्या कंपनीची बरोबरी मला कुठेच दिसली नाही. एसटीची वेळ पाहायला मी अजूनही गूगलवर जाते. एसटीच्या वेळेनं माझं काही उघडं पडत नाही. आईच्या स्मरणशक्तीबद्दलचे प्रश्न मात्र आता तिथे जात नाहीत.

या लेखासाठी बोलताना मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते कोल्हापुरात कौटुंबिक छळाच्या प्रकरणांत बायकांना सल्ला देणाऱ्या एका ताईंनी. मी त्यांना खासगी सर्च इंजिनाचं महत्त्व समजावायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "अहो, आमच्या बायकांचा फोन नवरा बघतो. सासू बघते. कंपनी अमेरिकेत बसून काय बघते, हे त्यांच्या दृष्टीनं फार लांबचं." एका बाईनं घटस्फोटाच्या पोटगीबद्दल शोधलं आणि त्या रात्री तिला मार खावा लागला, कारण ते शब्द फोनच्या हिस्ट्रीत होते.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. भिंती दोन आहेत आणि आपण त्यांची सतत गल्लत करतो. एक घराच्या आतली, दुसरी बाहेरची. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी आतल्या भिंतीचं काम करते. ती बंद केली की त्या फोनमध्ये हिस्ट्री उरत नाही. बाहेरच्या कंपनीला मात्र ती अडवत नाही. क्रोमच्या इनकॉग्निटोमध्येही गूगल माहिती गोळा करतं, हा दावा अमेरिकेत २०२० मध्ये कोर्टात गेला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलनं अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. खासगी सर्च इंजिनाचं बरोबर उलट आहे. ते बाहेरच्या कंपनीपासून प्रश्न वाचवतं, पण साध्या खिडकीत वापरलं तर फोनच्या हिस्ट्रीत तो प्रश्न जसाच्या तसा राहतो. त्या बाईला दोन्ही भिंती हव्या होत्या, आणि आतली आधी. ताई आता बायकांना पहिल्या भेटीतच इनकॉग्निटो कसं उघडायचं आणि बंद करायचं ते शिकवतात. त्यात डकडकगो उघडायला मी सुचवलं, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणखी काही दारं उघडीच राहतात, तीही सांगते. खासगी इंजिनावरून तुम्ही एखाद्या साइटवर गेलात, की तिथून पुढे त्या साइटचे नियम. तिच्यावर ट्रॅकर असतील तर ते तुम्हाला पाहतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळू शकतं, काय शोधलंत ते सहसा कळत नाही. ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवर मात्र ऑफिसला सगळंच दिसू शकतं. ब्राउझर स्वतः खात्यात लॉगइन असेल आणि हिस्ट्री तिकडे पाठवत असेल, तर इंजिन बदलून अर्धंच काम होतं. आणि कुकी पुसल्या तरी तुमच्या स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, ब्राउझरची आवृत्ती यांच्या मिश्रणावरून यंत्र ओळखता येतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१० मध्ये साडेचार लाखांहून जास्त ब्राउझर तपासले, तर त्यांतल्या ८३ टक्क्यांहून अधिक ब्राउझरचा असा ठसा इतर कुणाशीच जुळत नव्हता.

एक आक्षेप गंभीर आहे. गुन्हेगारांना याचा फायदा होणार नाही का? ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेनव्हर शहरात एका घराला आग लावली गेली आणि सेनेगलहून आलेल्या कुटुंबातली पाच माणसं मेली. त्यांत लहान मुलं होती. पोलिसांना धागा मिळेना. शेवटी त्यांनी गूगलकडे कोर्टाच्या हुकमानं विचारणा केली, की आगीआधीच्या पंधरा दिवसांत त्या घराचा पत्ता कुणीकुणी शोधला होता? त्यातून आरोपींपर्यंत पोचता आलं. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला, पण असे हुकूम सरसकट योग्य आहेत असं म्हणायचं मात्र टाळलं. त्या पाच जणांचा विचार मनात ठेवूनच मी हे लिहिते आहे. संशयितापासून सुरुवात करून त्याचे शोध तपासणं वेगळं. शब्दापासून सुरुवात करून तो शब्द लिहिणाऱ्या प्रत्येकाला संशयित करणं वेगळं. आज शब्द घराचा पत्ता आहे. उद्या तो गर्भपाताच्या गोळीचं नाव असू शकतो, मोर्चाच्या जागेचं नाव असू शकतं. अमेरिकेत २०२२ नंतर अनेक राज्यांत गर्भपात हा गुन्हा झाला आहे, तेव्हा ही भीती हवेतली नाही.

अमेरिकेतल्या ग्रंथपालांना हे आधीच उमगलं होतं. २००१ च्या पॅट्रियट ॲक्ट या दहशतवादविरोधी कायद्यानंतर वाचकांच्या नोंदी मागितल्या जातील हे दिसल्यावर अनेक वाचनालयांनी पुस्तक परत आलं की कुणी नेलं होतं ती नोंद पुसून टाकायला सुरुवात केली. जे ठेवलेलं नाही ते देता येत नाही. खासगी सर्च इंजिनाचं मर्म याच वाक्यात आहे, आणि कुठल्याही गोड शब्दांत लिहिलेल्या धोरणापेक्षा मला ते मोलाचं वाटतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं चॅटजीपीटी चालवणाऱ्या ओपनएआयला आदेश दिला, की ग्राहकांनी पुसलेले संवादसुद्धा जपून ठेवा. एका वर्तमानपत्राच्या दाव्यात ते लागणार होते. तो आदेश काही महिन्यांनी उठला. पण 'डिलीट' दाबलेली गोष्ट गेलीच, असं धरून चालता येत नाही, हे त्यातून कळलं. आता लोक सर्चपेक्षा अशा यंत्रांशी जास्त मोकळेपणानं बोलतात, परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. तिथे तर माळ ओवायचेही कष्ट उरत नाहीत.

आपल्याकडे कायद्याची गोष्ट अर्ध्या वाटेवर आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर व्यक्तिगत डेटाचा कायदा व्हायला सहा वर्षं लागली. तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कंपन्यांना २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मात्र कायद्यातच मोकळी ठेवली आहे. दुसरीकडे एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणारी सेवा, पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा काही नामांकित कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच उचलून नेले. जुलै २०२० च्या सुरुवातीला डकडकगो भारतातल्या अनेक नेटवर्कवरून काही दिवस उघडतच नव्हतं, हेही फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

म्हणून कायद्याची वाट पाहत बसणं मला पटत नाही. मी माझ्यापुरतं केलं ते असं. लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि त्यात डकडकगो. फोनवर ब्रेव्ह. जुन्या खात्यातली सर्चची यादी पुसली आणि पुढची नोंद होणं बंद केलं. त्या सोयी खात्याच्या सेटिंग्जमध्येच असतात. पुसण्याआधी बाबांची ती दोन वर्षं मी एका वहीत हातानं उतरवून घेतली, कारण ती आठवण माझी आहे आणि माझ्याकडेच राहायला हवी. याला सगळा मिळून एक रविवार लागला, तोही वहीमुळे.

सवय मोडत नाही, हेच सगळ्यांत अवघड. अमेरिकी सरकारनं गूगलवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ ला गूगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निर्णय दिला. त्या खटल्यात बाहेर आलं, की फोन आणि ब्राउझर उघडल्यावर आपलंच इंजिन समोर असावं यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर इतरांना दिले. माणसं समोर असेल तेच वापरतात, याची ही किंमत आहे. इतक्या पैशांनी विकत घेतलेली जागा आपण एका बोटानं बदलू शकतो, आणि बदलत नाही.

दसऱ्याच्या आधी भाच्याचा फोन घ्यायला दुकानात गेले होते. काउंटरवरचा मुलगा हुशार आणि घाईत होता. फोन चालू करून त्यानं एकामागून एक पानांवर 'नेक्स्ट', 'ॲग्री', 'नेक्स्ट' दाबलं आणि मिनिटाभरात फोन भाच्याच्या हातात दिला. त्या पानांवर काय विचारलं होतं, ते आम्हा दोघांपैकी कुणीच वाचलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशामुळे जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं जाहीर केलं, की भारतात नवा अँड्रॉइड फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याचा पर्याय ग्राहकाला दिला जाईल. तो पर्याय आपल्यासाठी भांडून मिळवलेला आहे.

पाडव्याला घरात नवा फोन आला, तर तो दुकानातल्या मुलाला सुरू करू देऊ नका. घरी आणा, चहा टाका, आणि प्रत्येक पान वाचून स्वतः पुढे जा. फोन जुना असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' अशी ओळ असते, तिथे बदलता येतं. आणि घरात जे कुणी रात्री उठून फोनला काही विचारत असेल, त्याच्या फोनवर तर आजच बदला.